रामजीची लेक

भाग्यश्री हसली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं तिची बाजू घ्यायचा मोह होतो. बरं, नुसती ओठांत नाही, सगळ्यांबरोबर चांगली खळखळून हसली होती, आणि वर "अय्या, काहीही हं!" असंही म्हणाली होती.

झालं होतं ते असं. कर्जतला दहिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी विनिताताईंचं वृंदगान जमायचं. विनिताताईंचं अर्धं आयुष्य मुंबईत अशा गायनवृंदांत गेलेलं. इकडं आल्या होत्या आराम करायला, पण आराम त्यांच्या अंगाला लागेल तर शपथ. वर्षाच्या आत त्यांनी बँकेतले दोघं, शाळेतल्या बाई, शेलूच्या नव्या बिल्डिंगांतली चार जोडपी अशी सगळी मोट बांधली आणि बायका-पुरुषांना चार आवाजांत उभं केलं. वरच्या आवाजाच्या बायका, खालच्या आवाजाच्या बायका, तसेच पुरुष. "सगळ्यांनी मिळून एकच चाल ओढायची ती शाळेची प्रार्थना," त्या फटकारायच्या. "इथं चौघांनी चार वाटांनी जायचं आणि कुणाचा पाय कुणाच्या पायात अडकायचा नाही." पहिले काही महिने नुसते पायच अडकत होते. मग हळूहळू जमायला लागलं, आणि जमलं की हॉलमध्ये असं काही भरून यायचं की म्हणणारेच चकित होऊन एकमेकांकडं बघायचे.

नाताळात कार्यक्रम करायचा ठरला. एक कविता होती, तिला विनिताताईंनी स्वतः चाल बांधली होती. येशूबाळाच्या जन्माची दोन गाणी होती, तीही मराठीत. "आणि एक लोकगीत," विनिताताई म्हणाल्या, "पण ते इथलंच हवं. कर्जत-खालापूरच्या मातीतलं. रेडिओवर झिजलेलं मला नकोय. कुणाला काही येत असेल तर चहानंतर म्हणून दाखवा."

आणि चहाच्या वेळी ओमकारनं तो किस्सा सांगितला.

ओमकार वरच्या पुरुषी आवाजात गायचा. घरची कळंबला भातशेती, आता तिच्यातल्या निम्म्यावर रिसॉर्ट. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भाग्यश्रीला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. तो सगळ्यांसाठी वडापाव आणायचा आणि पाऊस असला की बायकांना गाडीनं घरी सोडायचा.

"आमच्याकडं एक मंगळ्या आहे," तो म्हणाला. "वाडीवरचा म्हातारा. बागेचं, साफसफाईचं सगळं तोच बघतो. परवा एक पाहुणा आला, सूटबूट. त्यानं विचारलं, वायफाय आहे का? तर मंगळ्या हात जोडून काय म्हणतो? 'होती सायब. वारली.'"

हॉल फुटायचा राहिला. शाळेतल्या बाईंच्या नाकात चहा गेला. आणि भाग्यश्री हसली.

मंगळ्या तिचा बाप होता. आणि वारली होती ती तिची आई, जना.

आता कुणी म्हणेल, असं कसं माणूस हसेल? हसतं. सगळे हसत असताना एकट्यानं न हसणं म्हणजे हात वर करून 'तो माझा' असं सांगणं, आणि तेवढं बळ तिच्यात नव्हतं. वाडीवरून आश्रमशाळा, आश्रमशाळेतून कॉलेज, मग कर्जतच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची नोकरी आणि दहिवलीत भाड्याची खोली, इथवर ती आपल्या हिमतीवर आली होती. वृंदगानात तिला 'लॅबवाली भाग्यश्री' म्हणायचे. कोण, कुठली, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं तर आपण सांगू, असं ती स्वतःला बजावायची. आणि कुणी विचारायच्या बेतात आलं की पाणी प्यायला उठायची.

चहा झाला. विनिताताईंनी विचारलं, "हं, कुणाला काही येतंय का?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले, आणि कोण जाणे काय झालं, भाग्यश्रीचा हात वर गेला. हसल्याचं पाप कुठंतरी फेडावं असं मनात असेल. तिला एक गाणं येत होतं. आईचं.

जनाला आसपासच्या सगळ्या वाड्यांवर लग्नात गायला न्यायचे. हळद दळताना तिचं गाणं लागायचंच. जात्यावर बसलेल्या बाया विचारायच्या, हळद कुणाची दळली गं? आणि जना एकटी उत्तर द्यायची. त्या उत्तरात नवरीच्या बापाचं नाव घ्यायचं. नाव आलं की बाप मांडवात जिथं असेल तिथून त्यानं 'ओ' द्यायची. मग तो चूल फुंकत असो, पाहुण्यांना पाणी देत असो, नाहीतर ताडी पिऊन कुडाला टेकलेला असो. ओ आली की जात्याचा पुढचा फेरा. ओ आली नाही तर बाया जातं थांबवायच्या. "ओ नाय आली तं ती हळद बेवारशी," जना म्हणायची. "अशी हळद पोरीला लावू नये गं."

लहानपणी भाग्यश्री खोटंखोटं नवरी व्हायची, जना खोटंखोटं जातं फिरवायची आणि म्हणायची, "मंगळ्याच्या लेकीची गं हळद दळली." आणि मंगळ्या हातातलं काम न सोडता ओरडायचा, "ओ!" घरात हा खेळ कितीदा झाला असेल त्याला गणती नाही.

तर ती हॉलमध्ये उभी राहिली आणि म्हणायला लागली.

*जात्यावरी कुणाची गं हळद दळली,*
*कुणाची गं हळद दळली?*

आवाज आईचाच होता, खालचा, भरदार. आणि नावाची जागा आली. समोर ओमकार बसला होता, डोळे पुसत. मघाच्या हसण्यानं अजून त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. भाग्यश्रीच्या ओठांवर आलेलं नाव तिथंच थिजलं आणि तोंडातून दुसरंच निघालं.

*रामजीच्या लेकीची गं हळद दळली.*

"वा!" विनिताताई उठून उभ्याच राहिल्या. "कुठं मिळालं हे तुला?"

"कळंबकडची एक बाई म्हणायची."

एक बाई! जिनं नऊ महिने पोटात वागवलं ती 'एक बाई' झाली, आणि तेही इतक्या सहज की भाग्यश्रीला स्वतःचंच नवल वाटलं.

"आणि हा रामजी कोण?"

"कुणी नाही. असंच एक नाव. तिथं नवरीच्या बापाचं नाव घालतात." आणि तिनं ओ द्यायची रीतही समजावून सांगितली. अगदी व्यवस्थित, पुस्तकात वाचल्यासारखी.

विनिताताईंनी त्या गाण्याचं जे केलं त्याला तोड नव्हती. खालच्या बायकांना त्यांनी जातं केलं. त्यांनी नुसतं 'दळली गं, दळली गं' घुमवत राहायचं. वरच्या बायकांनी प्रश्न विचारायचा, वरच्या पुरुषांनी तो मागून झेलायचा. नाव भाग्यश्रीनं एकटीनं घ्यायचं. आणि खालच्या पुरुषांनी, म्हणजे बँकेतल्या दोघांनी आणि शेलूच्या एका पोट सुटलेल्या इंजिनिअरनं, सगळ्यात खालच्या सुरात द्यायची ती 'ओ'. पहिल्यांदा ते गाणं चारही आवाजांत बसलं तेव्हा भाग्यश्रीच्या अंगावर काटा आला. आईचं गाणं एवढं मोठं असेल हे तिला ठाऊक नव्हतं. दर रविवारी ती रामजीचं नाव घ्यायची, इंजिनिअर ओ द्यायचा, आणि घरी गेल्यावर ती ताट तसंच सारून ठेवायची.

तरी हेही निभावलं असतं. पण एका रविवारी ओमकार म्हणाला, "कार्यक्रम आमच्या रिसॉर्टवर करू. लॉन आहे, खुर्च्या आहेत, चहा माझ्याकडून. मंगळ्या सगळं मांडून देतो."

भाग्यश्रीच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढच्या सुट्टीला ती वाडीवर गेली. मंगळ्या कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपत बसला होता. लेकीला बघून त्यानं कोपरानंच घोंगडी पुढं सरकवली.

"बा, नाताळाला तुज्या सायबाकडं गाण्याचा कार्यक्रम हाय ना?"

"हाय तर. खुर्च्या मलाच लावायच्यात. तुला कुनी सांगितलं?"

"मी हाय त्याच्यात. मी गानार हाय."

मंगळ्याचा हात थांबला. तोंडावर हसू पसरलं. दातांचा पत्ता नव्हता, पण हसू सगळं होतं. "तू? आमच्या सायबाच्या हितं? काय गानार गं?"

"आयचं. हळदीचं."

तो उगीच कुडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जनी असती तं नाचली असती. मंग मी नवा सदरा घालतो."

इथं तिनं गप्प बसायला हवं होतं. पण ती आली होती कशाला? "बा," ती म्हणाली, "तिथं सगळी माज्या वळखीची मान्सं असतील. शिकलेली, मोठी मोठी. तवा तू उगाच…"

"उगाच काय?"

"भागे भागे करून हाका नको मारू."

मंगळ्यानं पुन्हा शेणमातीत हात घातला. जिथं लिंपून झालं होतं तिथंच तो पुन्हा लिंपायला लागला, त्याच जागी, पुन्हा पुन्हा.

"नाय मारत," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, "जेवून जाशील ना? वालाच्या शेंगा हायत."

"नको, ड्युटी हाय मला."

ड्युटी नव्हती. ती खोलीवर आली आणि दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. काय केलंस गं हे भागे, असं तिचं तिलाच वाटत होतं, आणि तरी 'चला, बोलून तर झालं' असंही वाटत होतं. या दुसऱ्या वाटण्याची तिला जास्त लाज वाटली.

कार्यक्रमाच्या दिवशी उन्हं कलायला लागली तेव्हा लॉन भरलं होतं. कर्जतची डॉक्टर-वकील मंडळी, मुंबईहून आलेले पाहुणे, कळंबचे दोन-चार जमीनवाले. मंगळ्या खरंच नवा सदरा घालून आला होता. घड्या तशाच उमटलेल्या आणि कॉलरखालचा पुठ्ठा काढायचा राहिलेला.

"काय रे मंगळ्या, आज नवरदेव का?" ओमकार ओरडला.

"जी सायब," मंगळ्या म्हणाला आणि लाजून हसला.

गाणाऱ्यांना पाणी द्यायला तोच आला. हातात ट्रे. एकेकापुढं धरत तो भाग्यश्रीपाशी आला. तिच्या शेजारी शाळेतल्या बाई उभ्या होत्या. तिनं ग्लास उचलला. बापाच्या नखांत अजून कुडाची माती होती.

"थँक्यू," ती म्हणाली.

"घ्या ताई," मंगळ्या म्हणाला, आणि ट्रे घेऊन पुढं गेला.

ताई म्हणाला तो तिला. स्वतःच्या पोटच्या पोरीला ताई आणि अहोजाहो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला झालं. पण लॉनची हिरवळ कशाला दुभंगते, ती नुकतीच कापून घेतलेली होती आणि कापलीही त्यानंच होती.

कविता झाली. येशूबाळाची गाणी झाली. गोठ्यातल्या त्या पोराला जगात कुणी जागा दिली नाही, असं वरच्या बायका गात होत्या, आणि लोक डोलत होते. मग विनिताताईंनी हळदीचं गाणं सुरू केलं. जातं घुमायला लागलं. मंगळ्या मागं चिकूच्या झाडाखाली उभा होता. 'दळली गं' ऐकताच त्यानं ट्रे छातीशी धरला. वरच्या बायकांनी विचारलं, कुणाची गं हळद दळली? आणि भाग्यश्रीनं बघितलं, बापाचे ओठ विलगलेले. सवय ती. इतक्या वर्षांची. नाव येणार म्हणून तो ओ द्यायला तयार झाला होता.

"रामजीच्या लेकीची गं हळद दळली."

मंगळ्यानं तोंड मिटलं. ओ इंजिनिअरनं दिली.

टाळ्या थांबेनात. "वन्स मोअर, वन्स मोअर!" विनिताताई खुशीत आल्या. माइक घेऊन त्यांनी नावाची आणि ओ द्यायची गंमत लोकांना सांगितली. "आता तुम्हीच नावं सांगा. ज्यांना मुलगी आहे त्यांनी हात वर करा, आम्ही तुमचं नाव घालू!"

झालं, लोकांना खेळच मिळाला. एका डॉक्टरांचं नाव घेतलं, त्यांची मुलगी लाजून आईच्या मागं दडली. एका वकिलांचं घेतलं. प्रत्येक वेळी बँकवाले आणि इंजिनिअर ओ द्यायचे आणि टाळ्या पडायच्या. तेवढ्यात ओमकार गाणाऱ्यांतूनच ओरडला, "आमच्या मंगळ्याचं घ्या की!"

हशा पिकला. सगळ्या माना मागं वळल्या. विनिताताईंनी मात्र मनापासून विचारलं, "हो हो, का नाही? काका, तुम्हाला मुलगी आहे ना?"

मंगळ्या ट्रेकडं बघत होता. गाणाऱ्यांकडं त्यानं मान वर करून पाहिलंही नाही.

"नाय बाई," तो म्हणाला. "लेक नाय मला."

हाक मारणार नाही म्हणून त्यानं कबूल केलं होतं. शब्द पाळायचा तर माणूस किती पाळतो!

"असू दे काका," विनिताताई म्हणाल्या. "बरं, आणखी कुणाचं नाव?" पुढच्या रांगेतले कळंबचे दिनकरराव हात वर करून बसलेच होते. विनिताताईंनी मान डोलावली, हात उचलला, आणि जातं पुन्हा घुमायला लागलं.

भाग्यश्रीच्या कानात काही शिरत नव्हतं. लेक नाय मला. लेक नाय मला. शेजारच्या बायका दळली गं, दळली गं म्हणत होत्या आणि तिच्या आत दुसरंच काही भरडलं जात होतं. तिला आईचा चेहरा आठवला नाही, आठवलं ते एवढंच, की ओ नाय आली तं हळद बेवारशी. वरच्या बायकांनी प्रश्न विचारला. पुरुषांनी झेलला. विनिताताईंचं बोट तिच्याकडं आलं. दिनकरराव सावरून बसले.

"मंगळ्याच्या लेकीची गं हळद दळली."

लोक हसले. त्यांना वाटलं थट्टाच चाललीय. पण तिचा आवाज चिरकला होता आणि डोळे चिकूच्या झाडाकडं लागले होते. विनिताताईंनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ओ द्यायला तोंड उघडलेल्या पुरुषांना हातानंच थोपवलं. गर्दीचं हसू अर्ध्यात विरलं. ओमकार वळून तिच्याकडं बघत राहिला. त्याला वायफाय आठवलं असावं, आणि त्या दिवशी कोण कोण हसलं तेही. सगळ्यांत आधी त्याचीच मान खाली गेली.

आणि "ओ!" आली.

चार आवाजांतल्या कुठल्याच आवाजात बसणारी नव्हती ती. चिरकी, मोकळी, शेतातून द्यावी तशी. पुरुषांनी श्वास घेतला असता तरी त्याच्या आधी आली. मंगळ्या जागचा हलला नव्हता, ट्रे तसाच छातीशी होता. जणू ती ओ तो सबंध दिवस तोंडातच धरून उभा होता.

ओ देताना त्यानं तिला क्षणभरही थांबवलं नाही. निदान एकदा तरी थांबवायचं होतंस रे बा, जातं बंद पाडायचं होतंस, मला पुन्हा नाव घ्यायला लावायचं होतंस, असं भाग्यश्रीच्या मनात आलं, आणि तिला रडू फुटलं. ओ आली म्हणून खालच्या बायकांनी पुढचा फेरा धरला. वरच्या बायका मिसळल्या, पुरुष मिसळले, गाणं पुढं निघालं. ते तिच्याच आईचं गाणं होतं आणि त्यात तिचा तेवढा आवाज नव्हता. तोंडावर ओढणी धरून ती नुसती उभी राहिली.